बाबांची हजेरी

गुलाब खोब्रागडेंना लकवा मारला आणि त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला: 'नाई'.

चहा हवा का विचारलं तरी नाई, नको का विचारलं तरी नाई. भूक लागली, नाई. पंखा वाढव, नाई. शेजारच्या बेबीताई विचारपूस करायला आल्या, तर तोंडभर हसून, डावा हात छातीशी नेऊन, नाई. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, बाहेर येताना शब्द अडकतात, आणि जो सुटतो तोच पुन्हा पुन्हा येतो. आता एवढ्या शब्दांतून नेमका हाच का सुटावा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. जन्मभर कुणाच्या तोंडावर नाही म्हणता न आलेल्या माणसाची दैवाने केलेली ही थट्टा होती, आणि ती अगदीच हलक्या दर्जाची होती.

घरच्यांनी मग त्या एका शब्दातले दोन शब्द ओळखायला घेतले. लांबवलेला, मऊ, शेवटी वर गेलेला 'नाईऽ' म्हणजे हो, बरोबर, आण. आखूड आणि सपाट 'नाई' म्हणजे खरोखरचा नकार. दुसरा फार क्वचित यायचा. त्यांची बायको शेवंता कधीमधी चुकायची आणि नको असलेली खिचडी पुढे ठेवायची, पण मुलगी मोनाली कधी चुकली नाही.

मोनाली दुर्गजवळच्या उतईला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. खुर्सीपारच्या घरातून स्कूटी काढण्याआधी तिचं रोजचं एक काम असायचं. बाबांना धरून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवायचं आणि एक पान उघडायचं. पानावर वर लिहिलेलं असे 'ठसा', आणि खाली 'सांभाळणारा: गुलाब खोब्रागडे'. बाबा डाव्या हाताचं बोट त्या नावावर टेकवायचे आणि म्हणायचे, "नाईऽ." मग चहा प्यायचे. हे झालं नाही तर चहा निवून जाई, पण ते कपाला हात लावत नसत. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर जो काही उजेड येई तो एवढाच.

ठसा हा तसा चिमुकला प्रोग्रॅम. बाबा हथखोजला रोलर बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. कॉम्प्युटरवर बसून गेटपास छापायचे. नावं हिंदीत छापायची म्हटलं की तिथला जुना करकरणारा प्रिंटर वेलांट्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. कामगार आपलंच नाव वाचून हसायचे, आणि बाबांना ते जिव्हारी लागायचं. माणसाचं नाव नीट छापलं गेलं पाहिजे, एवढ्या हट्टापायी त्यांनी कित्येक रविवार घालवून हा प्रोग्रॅम लिहिला. आणि लिहून झाल्यावर तो लिनक्सच्या एका प्रकल्पाला देऊन टाकला.

हा प्रकल्प म्हणजे जगभरच्या हौशी माणसांनी फुकटात चालवलेला संसार. तिथे पगार नाही, साहेब नाही, दिवाळीला मिठाईचा डबाही नाही. असंख्य प्रोग्रॅम, त्यातल्या प्रत्येकाचा मूळ कोड घ्यायचा, तपासायचा, बांधून त्याचं पॅकेज करायचं आणि लोकांसाठी ठेवून द्यायचं. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा. बिघडलं तर त्याने पाहायचं. बाबांचा ठसा कुठल्या कुठल्या शाळांच्या गुणपत्रिका छापायचा. एकदा नेपाळातल्या एका वाचनालयाने आभार मानले, तेव्हा बाबांनी गल्लीत जिलेबी वाटली होती. कशाबद्दल, ते गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिथे पगार नसला तरी शिस्त मोठी. प्रत्येक सांभाळणाऱ्याकडे एक डिजिटल किल्ली असते. तिने सही केल्याशिवाय पॅकेज आत जात नाही. आणि ती किल्ली त्याच माणसाची आहे, हे दुसऱ्या सभासदाने समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून जाहीर करावं लागतं. बाबांसाठी ते प्रवीणने केलं होतं. प्रवीण नागपूरचा. रायपूरला लग्नाला चालला होता, दुर्ग स्टेशनवर गाडी थांबली तेवढ्यात खाली उतरला. बाबा डब्यात पोहे घेऊन उभे. तर हा पोरगा म्हणाला, "काका, आधी कार्ड, मंग पोहे." बाबांनी कार्ड दिलं. त्याने कार्डावरचा फोटो पाहिला, बाबांचा चेहरा पाहिला, आणि मगच डबा उघडला. बाबांना या गोष्टीचं इतकं कौतुक होतं, की पाहुणा आला आणि ती सांगितली नाही असं झालं नाही.

ती किल्ली एका पेनड्राइव्हवर होती आणि तिचा पासवर्ड फक्त बाबांच्या डोक्यात. म्हणजे बाबांची तशी समजूत होती. ते दोन बोटांनी टाइप करायचे आणि टाइप करताना ओठ हलवायचे. शेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मोनालीला तो पासवर्ड केव्हाच पाठ झाला होता.

बाबा दवाखान्यात असतानाच पहिलं पत्र आलं. ते यंत्राचं होतं. ठसा ज्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आधारावर उभा होता, तो बदलला. त्यामुळे ठसा आता बांधला जात नाही. दुरुस्त झाला नाही तर पुढच्या आवृत्तीतून काढला जाईल. मग माणसांची पत्रं आली. 'गुलाब, सगळं ठीक आहे ना? सवडीने कळवा.' पुन्हा काही दिवसांनी, 'काळजी वाटते, दोन ओळी लिहा.' त्या प्रकल्पाची रीतच होती ती. दुसऱ्याच्या पॅकेजला न विचारता हात लावायचा नाही. विचारायचं, वाट पाहायची, पुन्हा विचारायचं. आणि इतकं करूनही उत्तर आलं नाही, तर त्याचं नाव काढून पॅकेजसमोर एक शब्द लिहायचा: अनाथ. लिहिणाऱ्यांचा तो रोजचाच शब्द, त्यांच्या मनात काही नसतं. पण मोनालीने तो वाचला तेव्हा आतल्या खोलीत बाबा खाटेवर पडलेले होते.

शेवंता तेव्हा बाबांच्या उजव्या हाताला तेल लावून बाहेर आली होती.

"काय झालं वं? तोंड कावून उतरलं?"

"बाबाचं नाव काढून टाकतीन म्हनते, आई."

"काढतीन? ह्यायनं काय चोरी केली का?"

"जवाब ही नहीं गया तो वो लोग क्या समझेंगे? मानूस गायब झाला म्हनून समजून राहिले."

"मंग दे ना जवाब."

"बाबाच्या नावानं?"

"तं कोनाच्या नावानं? तुले येते ना थे सारं?" शेवंताने तेलाचे हात लुगड्याला पुसले. "ह्यायच्या कारखान्यातल्या बाबारावची बायको दवाखान्यात होती तवा ह्यायनं नाई टांगलं त्याचं टोकन? मानूस बिमार हाय, मेला नाई. त्याची हजेरी लागलीच पाह्यजे."

त्या कारखान्यात जुन्या काळी गेटवर एक फळी होती, तिला खिळे, आणि प्रत्येकाच्या नंबरचं पितळी टोकन. ज्याचं टोकन खिळ्याला तो हजर. कुणावर वेळ आली की दुसरा त्याचं टोकन टांगायचा आणि त्याच्या वाटचं कामही ओढायचा. याला तिथे कुणी लबाडी म्हणत नसे. याला माणुसकी म्हणत, आणि जो टांगत नसे त्याच्याशी डबा खायला कुणी बसत नसे.

मोनालीला ते पटलं. तिला ते पटायला हवंच होतं, म्हणूनही पटलं असेल. क्लासवरून आली की ती ठसाचा कोड उघडून बसू लागली. बाबांचा कोड वाचताना त्यांच्याशी बोलल्यासारखं वाटायचं. जागोजागी त्यांनी स्वतःलाच लिहिलेल्या सूचना होत्या, 'इथे घाई नको' अशा. अडत, चुकत, शेवटी तिने दुरुस्ती जमवली. ठसा बांधला गेला. पेनड्राइव्ह लावला, पासवर्ड टाकला, बाबांच्या नावाने सही केली. आणि बाबा लिहीत तसंच मोडकंतोडकं इंग्रजी लिहून कळवलं, की जरा तब्येत बरी नव्हती, आता काम चालू आहे, गुलाब.

बाबांना आधी विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण तिने ते झटकलं. विचारून काय, उत्तर तर सगळ्यांना माहीत आहे, असा एक विनोदही तिने मनातल्या मनात करून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रोजच्यासारखं नावावर बोट टेकवलं. मग त्यांचं बोट खाली सरकलं, नव्या आवृत्तीच्या तारखेवर गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी मोनालीकडे पाहिलं.

"तुमचीच हजेरी लागली, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी बोट तारखेवरून काढून मांडीवर ठेवलं. तिला वाटलं, त्यांचा ऊर भरून आला.

मग हे चालूच राहिलं. कुणी चूक दाखवली की ती दुरुस्त करायची, सही करायची, आभार मानायची. प्रकल्पातली माणसं खूश होती. गुलाबचं काम पूर्वीपेक्षा नेटकं झालंय, असं कुणीतरी लिहिलं, तेव्हा मोनालीला इतका आनंद झाला की क्लासमध्ये त्या दिवशी तिने कुणालाच रागावलं नाही.

आणि एक दिवस बाबांच्या पत्त्यावर प्रवीणचं पत्र आलं: रायपूरला कामानिमित्त येतोय, काकांना भेटून जाईन म्हणतो. मोनालीने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने उत्तर दिलं. या, बाबा आजारी आहेत, तुम्हाला पाहून बरं वाटेल त्यांना.

प्रवीण आला. जय भीम करून बाबांसमोर बसला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. 'नाईऽ, नाईऽ' म्हणत राहिले, आणि त्यांचे डोळे वाहत राहिले. प्रवीणचेही वाहिले. शेवंताने मुद्दाम पोहे केले होते. बाबांना आत निजवल्यावर तो प्लेट घेऊन बसला, एक घास खाल्ला, आणि थांबला.

"मोनाली, काकाले बोलता येत नाई, हात चालत नाई. मंग परवाचं पॅकेज?"

मोनाली हसली. ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. "मीच पाठवलं, दादा. सारे मीच पाठवून राहिली. बाबाची हजेरी लावून राहिली."

प्रवीणने प्लेट खाली ठेवली.

"त्यायच्या किल्लीनं?"

"हव. काई चुकलं का त्याच्यात?"

"नाई. काम एकदम साफ हाय, मी सोता पाह्यलं होतं." त्याने प्लेट आणखी दूर सारली. "पन सही कामाची नसते, मोनाली. मानसाची असते. मी साऱ्यायले सांगतलं हाय, का हे किल्ली याच मानसाच्या हातात हाय. मी कार्ड पाह्यलं होतं."

"तं तुमी नका ना सांगू कोनाले."

"मले मालूम झालं ना आता."

आतून शेवंता बाहेर आली. तिला वाद कळला नव्हता, आवाज कळला होता. "बापू, पोट्टीनं बापाचंच काम केलं. परक्याचं नाई केलं."

"काकू, कोनी चोर आला असता तं त्यानंही असंच केलं असतं. पह्यले चांगलं काम, चांगलं बोलनं. लोकायले फरक कसा समजन?" मग मोनालीकडे वळून तो हळूच म्हणाला, "एक मेल टाकला असता. बाबा बिमार हाय, मी पोरगी, मी पाह्यते. आनंदानं देल्लं असतं तुले. दोघायचं नाव लागलं असतं."

हे मोनालीला सोसलं नाही. एवढं सोपं होतं? इतके दिवस ती ज्या दारातून चोरासारखी आत जात होती, त्याला कडीच नव्हती? तिला रडू आलं, आणि ज्याच्यावर रागवावं असं समोर कुणीच नव्हतं म्हणून ते जास्तच आलं.

प्रवीण निघताना म्हणाला, "किल्ली तं रद्द होइनच. पन ते विचारतीन, का काकानं राजीखुशीनं देल्ली होती का. देल्ली असन तं काकाचं नाव राहीन, तुह्यासाठी काई तरी रस्ता काढू. नसन तं मंग माह्या हातात काई नाई."

रविवारी सगळे व्हिडिओवर जमले. दूरदेशीचे दोघं, त्यातली एक पांढऱ्या केसांची बाई, आणि नागपुरातून प्रवीण. मोनालीने आधीच सविस्तर लिहून कळवलं होतं, की बाबांकडे एकच शब्द आहे, आणि त्यातला हो कसा ओळखायचा. त्या बाईने बाबांना हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाली, की तिने पहिल्यांदा देवनागरी छापली ती ठसावरच. कुणी आवाज चढवला नाही, कुणी आरोप केला नाही. त्या माणसांनी थोडं खेकसायला हवं होतं, म्हणजे मोनालीला निदान भांडता आलं असतं.

बाबांना खुर्चीत बसवलं होतं, धुतलेला सदरा घातला होता. पेनड्राइव्ह समोर टेबलावर ठेवला होता. मोनाली त्यांच्या शेजारी, शेवंता मागे.

प्रवीणने विचारलं, "काका, हे किल्ली तुमी मोनालीले सोता, मर्जीनं देल्ली होती का?"

बाबांनी पेनड्राइव्हकडे पाहिलं. मग मोनालीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तरी चाललं असतं.

"सांगा ना," शेवंता मागून कुजबुजली.

"नाई," बाबा म्हणाले.

मग प्रवीणने मोनालीला मराठीत विचारलं, "मोनाली, हे कोनतं नाई हाय?"

खूण लिहून कळवली होती खरी, पण व्हिडिओवर नुसतं ऐकून ती कुणाला ओळखता येणार नव्हती. हा शब्द जगात दोघींनाच वाचता येत होता, आणि त्यातलीही एक तिच्या पाठीत बोट खुपसत होती. लांबवाला, एवढंच म्हणायचं होतं. ते सगळे मान हलवणार होते. त्यांनाही तेच ऐकायचं होतं, प्रवीणला तर सगळ्यांत जास्त. बाबांचं नाव राहिलं असतं, रोजचं पान राहिलं असतं, चहा राहिला असता. आजवर त्यांच्या नावाने इतकं लिहिलं, त्यात हा एक शब्द. पण ते सगळं बाबा शेजारच्या खोलीत असताना लिहिलं होतं. आता ते शेजारी बसले होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, आणि तोही ती त्यांच्या तोंडातून काढून घ्यायला निघाली होती.

"खरंवालं," ती म्हणाली.

शेवंताने तिच्या पाठीवरचं बोट काढून घेतलं. त्या दिवशी ती मुलीशी बोलली नाही, नवऱ्याशीही नाही.

प्रकल्पाचं पत्र आलं ते फार आदबीने लिहिलेलं होतं. किल्ली रद्द केली आहे. त्या काळातली सगळी पॅकेजं काढून टाकली आहेत. गुलाब यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल सगळे ऋणी आहेत. कुणाला ठसा सांभाळायचा असेल तर पुढे यावं. मोनाली यांचा विचार मात्र तूर्तास करता येणार नाही. मोनालीने दुरुस्त केलेला कोड तिच्या कॉम्प्युटरवर धडधाकट होता. तो चालत होता, वेलांट्या जागच्या जागी पडत होत्या, आणि त्यावर सही करणारं कुणी नसल्याने त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. पुढे कुणीच आलं नाही.

बाबांना हे सांगायचं कसं, या एका विचाराने तिचा जीव अर्धा झाला. आणि मग तिने पुन्हा तेच केलं. जुनं पान तिने आधी कधीतरी आपल्याजवळ उतरवून ठेवलेलं होतं. सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं आणि ते जुनं पान उघडलं. वर ठसा, खाली सांभाळणारा: गुलाब खोब्रागडे. मागे शेवंता चहा घेऊन उभी होती. तिला सगळं माहीत होतं आणि तिने तोंड फिरवलं.

बाबांनी बोट उचललं. पण ते नावावर टेकलं नाही. ते पडद्याच्या वरच्या पट्टीवर गेलं, जिथे पानाचा पत्ता लिहिलेला असतो. तिथे प्रकल्पाचा पत्ता नव्हता, घरच्याच कॉम्प्युटरचा होता. बाबांनी तो शांतपणे वाचला. मग डाव्या हाताने माउस धरला. झटका आल्यापासून त्यांनी माउसला हात लावला नव्हता. बाण पडद्यावर भरकटत राहिला, निसटला, परत आला, आणि 'ठसा' या अक्षरांवर येऊन थांबला. मोनालीला त्यांचा हात धरता आला असता. तिने धरला नाही. बाबांनी बटण दाबलं.

त्या अक्षरांमागचा दुवा अजून प्रकल्पाचाच होता; खरं पान उघडलं. ठसा. स्थिती: अनाथ. सांभाळणारा: कोणी नाही.

बाबांनी बोटाखाली धरून एकेक शब्द वाचला. मोनाली आखूड, सपाट नाईची वाट पाहत होती. त्यांनी ओरडावं, माउस फेकावा, तिला एक थोबाडीत द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं. कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला चुकलेलं नाव दिसलं की किती राग यायचा, हे तिला माहीत होतं.

बाबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मान हलवली.

"नाईऽ," ते म्हणाले. लांबवलेला, मऊ, शेवटी वर गेलेला.

मग त्यांनी डावा हात शेवंताकडे पुढे करून चहा मागितला.